पुढच्या सीटवरचा नारळ

माझ्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. वरच्या चिठ्ठीवर ‘आठवी ब, इतिहास’ असं लिहिलंय आणि आत इतिहासाचं एक अक्षर नाही. डाव्या पानावर डकवलेलं मोटारीचं चित्र, उजव्या पानावर आकडे. इंजिन केवढं, ताकद किती, शून्यापासून शंभरचा वेग गाठायला किती सेकंद, किंमत किती. किंमत पौंडांत, कारण चित्रं डोंबिवली स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडच्या जुन्या विलायती मासिकांतून कापलेली असायची. पानाच्या तळाशी मी निकाल द्यायचो. ‘वेग उत्तम, किंमत अवास्तव.’ ‘दिसायला देखणी, पैसे वसूल नाहीत.’ वय वर्षं तेरा. घरात वाहन म्हणाल तर एक सायकल, आणि तीही वडिलांची.

वडील मास्तर होते आणि मी त्यांच्याच शाळेत होतो. माझ्या बाकावर शेजारी बसायचा तो कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका गावातला होता. तेव्हा त्या रस्त्याला दोन्ही बाजूंना भातशेती होती. त्याचे वडील, म्हणजे आबा, तरुणपणी खाडीकाठच्या मिठागरात मीठ ओढायचे, नंतर घरची शेती करू लागले. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी त्याच्या घरी जायचो. पडवीत बसून मी वही उघडायचो आणि आकडे वाचून दाखवायचो. त्याला आकड्यांतलं काही कळत नसे. तो प्रत्येक गाडीबद्दल एकच प्रश्न विचारायचा.

“यात मानसं किती बसतात?”

मी म्हणायचो, दोन. तो म्हणायचा, मग बाकीचे काय चालत येणार? मला त्याच्या अडाणीपणाची कीव यायची. खरं सांगतो, ती कीव मला फार आवडायची. त्या वयात माझ्याकडे दुसऱ्या कोणाची कीव करावी असं काहीच नव्हतं.

पुढे मी इंजिनिअर झालो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मोटारीच्या ब्रेकचे सुटे भाग तपासायचं काम सत्तावीस वर्षं करतो आहे. हजारो गाड्यांचे ब्रेक माझ्या हाताखालून गेले, गाडी म्हणून मात्र एकच आली. तीही सेकंडहँड आणि सीएनजीवरची. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीला पार्किंग नाही, म्हणून ती गल्लीत झाडाखाली उभी असते आणि रोज सकाळी मी तिच्यावरची कावळ्यांची शिट पुसतो.

आणि माझा मित्र? त्याच्या भातशेतीवर टॉवर उभे राहिले. आधी एक, मग चार. त्यात त्याचे मजले, त्याची दुकानं. कॉलेजचं दुसरं वर्षसुद्धा त्याने पुरं केलं नव्हतं. मी सबमिशनसाठी जागून डोळे खराब करून घेतले त्या काळात तो बांधावर उभं राहून पाणी सोडत होता. बांधाखालची जमीन मात्र त्याची होती. यात त्याचा काही गुन्हा नाही हे मला कळतं. पण कळून काय उपयोग, पोटात दुखायचं ते दुखतंच. तो माजला असता, गळ्यात सोन्याचा साखळदंड घालून फिरला असता, मला ओळख दाखवेनासा झाला असता, तर मला किती बरं वाटलं असतं. तसलं काहीच झालं नाही. अजूनही थंडीत स्वतः येऊन वालाच्या शेंगांची पिशवी देऊन जातो. एक तुकडा त्याने विकला नाहीये, त्यात लावतो. बायको म्हणते, किती साधा माणूस आहे. मी म्हणतो, हो, साधाच आहे. त्या शेंगा मला गोड लागत नाहीत.

त्या घरची एक रीत मी लहानपणापासून पाहत आलोय. नवं वाहन घरात आलं की पहिली फेरी घर ते गावदेवी. चालवणारा कोणीही असो, शेजारच्या सीटवर मांडीत नारळ घेऊन आबा बसणार. देवळाशी उतरून आबांनीच नारळ फोडायचा आणि गाडीसाठी देवीला गाऱ्हाणं घालायचं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तोपर्यंत गाडी कामाला लावायची नाही. भाजीचा टेम्पो आला तेव्हा मी तिथे होतो. जीप आली तेव्हाही होतो. पुढे मोठमोठ्या गाड्या आल्या, आबांचे केस पांढरे झाले, गुडघे गेले, पण पुढची सीट आणि नारळ आबांचाच.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी तो नौपाड्याला आला. शेंगांच्या पिशवीबरोबर दोन जाडजूड, गुळगुळीत कागदाची माहितीपत्रकं होती. एक जर्मन गाडी, एक इटालियन. दोन्ही स्पोर्ट्स कार. पोरं मागे लागली आहेत म्हणाला, आणि आबा पंच्याऐंशीचे झालेत, त्यांच्या हयातीत एकदा असली गाडी गावदेवीला न्यायची आहे. मग माहितीपत्रकं माझ्याकडे सरकवत म्हणाला, “मला यातलं काय कलत नाय. तू बोलशील ती घेऊ.”

दोन्हींची किंमत जवळपास सारखी. माझा नौपाड्यातला फ्लॅट विकला असता तरी वर आणखी काही घालावं लागलं असतं. मी एक माहितीपत्रक उघडलं आणि लगेच मिटलं. चष्मा पुसायचं निमित्त करून मी आत गेलो.

तो गेल्यावर मी ती आठवीची वही काढली. शेवटची काही पानं कोरी होती. चार संध्याकाळी बसून मी त्या दोन गाड्यांची तुलना केली. आयुष्यात इतक्या प्रेमाने मी कोणतंही काम केलेलं नाही. इटालियन गाडीचं इंजिन पाठीमागे, जवळजवळ चालवणाऱ्याच्या खांद्याला लागून. शून्यापासून शंभर ती जर्मन गाडीपेक्षा अर्धा सेकंद आधी गाठते. आता अर्धा सेकंद म्हणजे किती? शिंक येते आणि जाते एवढा. त्या शिंकेसाठी सर्व्हिसिंगचा खर्च दुप्पट. पार्ट बिघडला तर परदेशातून येईपर्यंत वाट बघा. शिवाय, माहितीपत्रकाला टाचलेल्या कागदाप्रमाणे, ही इटालियन गाडी एका मालकाने वापरलेली, दोन वर्षं जुनी. तीच नवी घ्यायची तर हा पैसा पुरणारच नव्हता. जर्मन गाडी कोरी करकरीत, रोज वापरता येईल अशी, पाच वर्षांनी विकली तरी बऱ्यापैकी पैसे परत देणारी. पुढच्या सीटा जरा उंच. मागे पोरंसोरं बसतील अशा दोन छोट्या सीटा. आणि एक बटण, ते दाबलं की गाडीचं नाक चार बोटं वर उचललं जातं, म्हणजे स्पीडब्रेकरवर पोट घासत नाही. त्या इटालियन गाडीला पहिल्या मालकाने हे बटण घेतलंच नव्हतं. तिचं छप्पर माझ्या कमरेच्या थोडं वर. तिच्यात बसायचं म्हणजे जमिनीवर मांडलेल्या पाटावर बसायचं, तेही एका बाजूने, पाय आधी की डोकं आधी याचा विचार करत.

त्याच्या गावात, घर आणि गावदेवीच्या मध्ये, एक स्पीडब्रेकर आहे. सरकारी नाही. मागे कधीतरी एका डंपरने एका पोराला धडक दिली, तेव्हा गावच्या मुलांनी स्वतः सिमेंट कालवून तो ओतला, आणि रागाच्या भरात ओतला. माझी साधी गाडीसुद्धा त्यावरून जाताना कुरकुरते.

म्हणजे शंका घ्यायला जागाच नव्हती. पानाच्या तळाशी मी तेराव्या वर्षीच्याच ऐटीत निकाल लिहिला: ‘जर्मन.’ खाली दोन रेघा मारल्या.

त्याने शोरूमला बरोबर चल म्हणून दोनदा विचारलं होतं. मी कामाचं कारण सांगितलं. खरं कारण असं की तिथला माणूस त्याला ‘सर’ म्हणणार आणि मला पाणी विचारणार, हे मला बघायचं नव्हतं. दात माझे आणि चणे त्याचे, आणि वर ते कसे चावायचे तेही मीच शिकवायचं.

तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. कोणती घेऊ? वही माझ्यासमोर उघडी होती.

“इटालियन घे,” मी म्हणालो.

तो म्हणाला, “आबा बसतील ना रे त्यात?”

“बसतील की. न बसायला काय झालं?”

मी फोन ठेवला. मी असं का केलं याची दोन कारणं आहेत, आणि त्यातलं बरं कारण आधी सांगतो. वहीच्या पहिल्या पानावर लाल इटालियन गाडी आहे. त्याच कंपनीची, त्या काळातली. तिच्या खाली आकडे नाहीत, निकाल नाही, फक्त ‘हीच’ असं लिहिलंय. मला ती एकदा कोणाच्या तरी दारात उभी राहिलेली बघायची होती. दुसरं कारण असं की मला ती त्या स्पीडब्रेकरवर अडकलेली बघायची होती. जन्मभर मी आकडे पाठ केले आणि गाडी त्याला मिळाली. मग निदान तिचं पोट तरी फरफटू दे, गावासमोर त्याचं हसं तरी होऊ दे. आबांचा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणू शकत नाही. आला, आणि मी तो बाजूला केला.

पाडव्याच्या सकाळी त्याने बोलावलं. शीळफाट्याच्या गर्दीतून सीएनजीवरची गाडी रेटत मी पोचलो. चारी बाजूंना टॉवर, मध्ये जुनं गाव, आणि त्याच्या बंगल्यासमोर मांडवाखाली ती. लाल.

सांगून खोटं वाटेल, पण मला रडू आलं. मासिकाच्या कागदावर ती सपाट असायची. इथे तिला खांदे होते, कंबर होती. मी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि हात लावला नाही. आजूबाजूला चाळीस-पन्नास माणसं होती, पोरं मोबाईलवर फोटो काढत होती, आणि त्यातल्या एकालाही तिच्या इंजिनातले सिलिंडर किती हे माहीत नव्हतं. मला त्या प्रत्येकाचा राग आला. सगळ्यात जास्त राग त्याचा आला. तो किल्ली हातात घेऊन, टिळा लावून उभा होता आणि मला बघून पोरासारखा हसला.

बायकांनी गाडीला ओवाळलं. हार घातला. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मग आबा आले. पांढरं धोतर, कोरी टोपी, हातात नारळ. दार उघडलं. आबांनी आत बघितलं आणि विहिरीत डोकावावं तसे ते क्षणभर वाकून राहिले. मित्राच्या दोन पुतण्यांनी त्यांच्या काखेत हात घातले. आबांनी एक पाय आत ठेवला, गुडघा दुमडला, आणि त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. फार मोठा नाही. पुतण्यांनी त्यांना परत सरळ केलं. आबा म्हणाले, पुन्हा बघू. दुसऱ्या खेपेला टोपी छपराला लागून खाली पडली आणि पाय अर्ध्यातच अडकला. तिसऱ्या खेपेला मित्रच म्हणाला, राहू दे.

कोणी हसलं नाही. मी ज्या हसण्यासाठी हे सगळं केलं होतं, ते कुठूनच आलं नाही. आबा खुर्चीवर बसून गुडघा चोळत होते आणि मी तिथेच उभा होतो. लाज वाटली म्हणणं सोपं आहे. लाजेबरोबर, त्याही वेळी, माझी नजर त्या रिकाम्या सीटवर होती हेही सांगायला हवं.

आबांनी ती नजर पाहिली असावी. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि नारळ माझ्या हातात दिला.

“मास्तराचे पोरा, तू बस. तुला यातलं कलतं.”

मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही.

आबांना जुन्या टेम्पोत चढवलं. त्याच्या उंच सीटवर ते सवयीने, एका हाताने कठडा धरून बसले. मी या गाडीत बसलो. आधी पाय, मग डोकं, मग उरलेला मी. सीटने मला दोन्ही बाजूंनी धरलं. मित्राने बटण दाबलं आणि माझ्या पाठीमागे ते इंजिन जागं झालं. तो आवाज मी चाळीस वर्षं मनात करून बघत होतो आणि तो सगळा चुकलेला निघाला. खरा आवाज कानाला नाही, बरगड्यांना ऐकू येत होता.

घर ते गावदेवी जेमतेम एक किलोमीटर. शंभरचा वेग तीन सेकंदांत गाठणारी ती गाडी बैलगाडीच्या चालीने निघाली. पुढे चालणारी माणसं मागे वळून बघत होती. टेम्पो आम्हाला ओलांडून गेला, आणि आबांनी खिडकीतून हात केला. वाटेत तो स्पीडब्रेकर आला. मी नारळ घट्ट धरला आणि पोट घासल्याचा आवाज ऐकायला तयार झालो.

गाडी थांबली. बाजूच्या घरातून दोन पुतणे फळ्या घेऊन आले. साध्या फळ्या नव्हत्या. एका टोकाला तासून उतार काढलेला, खाली रबर ठोकलेलं, चाकाच्या रुंदीला दोन्हीकडून पट्टी. त्यांनी त्या ब्रेकरच्या पुढेमागे लावल्या, हाताने खूण केली, आणि गाडी अलगद वर चढून अलगद उतरली. काहीही घासलं नाही.

“या कधी केल्या?” मी विचारलं.

“महिना झाला,” तो म्हणाला. “गाडी बुक केली तेव्हाच.”

म्हणजे त्याला ठाऊक होतं. मी समोर बघत राहिलो. पुढचं बोलणं माझ्या तोंडून कसं निघालं ते मला सांगता येणार नाही, पण निघालं.

“आबा बसू शकणार नाहीत हे मला माहीत होतं.”

वळण आलं, ते त्याने सांभाळून घेतलं.

“मला पन माहीत होतं,” तो म्हणाला. “शोरूमला नेलेलं त्यांना. तिथे पन नाय बसता आलं.”

“मग का घेतलीस?”

“आबाच बोलले घे. मास्तराचा पोर बोलला तर त्याच्यात कायतरी असेल बोलले. आज एकदा पुन्हा बघतो बोललेले.” मग म्हणाला, “आनि वहीत पहिल्या पानावर हीच होती ना?”

माझ्या मनात तेव्हा जे आलं ते लिहितो, कारण ते चांगलं नव्हतं. मला वाटलं, हेही याच्याकडेच असावं? जमीन आहे, टॉवर आहेत, ही गाडी आहे. मी मुद्दाम दिलेला खोटा सल्ला ओळखून, तो मुकाट्याने मानण्याएवढं मनही याच्याकडेच? माझ्या वाट्याला काय, तर चारदोन आकडे, आणि त्यांचा निकालही मी खोटा सांगितला. इतकी वर्षं मी त्याच्या नशिबाचा हेवा केला होता. ते मला सोसत होतं. हे सोसवेना.

देवळाशी आबा आमच्या आधी पोचले होते. टेम्पोच्या पायरीवर बसून वाट बघत होते. मी कसाबसा बाहेर पडलो आणि नारळ त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही.

“जो बसतो तो फोडतो,” आबा म्हणाले. “रीत हाय.”

मी म्हणालो, गाऱ्हाणं मला येत नाही. आबा म्हणाले, मी सांगतो तसं बोल. गाव गोळा झालं होतं. मित्र किल्ली हातात धरून माझ्या शेजारी उभा होता. मी देवीसमोर नारळ दोन्ही हातांत धरला आणि आबा माझ्या मागून सांगू लागले. आई गावदेवी, लेकराने गाडी आणली हाय. मी म्हणालो. तिला सांभाळ. मी म्हणालो. चालवणाऱ्याला सांभाळ. तेही म्हणालो.

“या गाडीला कोनाची नजर नको लागू दे,” आबा म्हणाले.

माझा आवाज फुटेना. सगळे थांबले होते. आबांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं, अधिक मोठ्याने. शेजारी मित्राने मान खाली घातली होती. माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं, तेवढं त्याने माझ्यासाठी केलं.

मग मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, आणि नारळ दगडावर आपटला.